नापिकीच्या सालात बायबल वाचायला बसणाऱ्यांसाठी

आपल्या विदर्भात बायबल पहिल्यांदा हातात येतं ते बहुतेक वेळा अडचणीच्या काळात. सोयाबीनवर येलो मोझॅक येऊन वावर पिवळं पडलेलं असतं, पऱ्हाटीच्या बोंडात गुलाबी अळी निघालेली असते, घरात कुणाचं तरी आजारपण लांबलेलं असतं किंवा माणूसच गेलेलं असतं. कुणी शेजारी, कुणी नातेवाईक, कधी दवाखान्यातली बाई ते पुस्तक देते आणि सांगते, "रोज वाचत जा, बरं वाटेल." कुठून वाचायचं, किती वाचायचं आणि बरं वाटलं नाही तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग माणूस पहिल्या पानापासून सुरुवात करतो. उत्पत्ती हे पहिलं पुस्तक गोष्टींसारखं सरकतं, पुढचं निर्गम अर्ध्यापर्यंत जातं, लेवीयातल्या बळींच्या नियमांपाशी गाडी अडते आणि पोळ्याच्या आधीच पुस्तक फळीवर जातं.

हा लेख अशा नव्या वाचकांसाठी आहे. जन्माने ख्रिस्ती असूनही स्वतः कधी न वाचलेल्यांनाही तो चालेल. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. अडचणीत असलेल्या माणसाने बायबलमध्ये आधी दिलाशाची वचनं शोधत बसू नये. आधी तिथल्या तक्रारी वाचाव्यात. त्या भरपूर आहेत आणि देवाने त्या पुस्तकात राहू दिल्या आहेत. देवावर भरवसा ठेवायला माणूस तिथूनच शिकतो, असं माझं मत वर्षानुवर्षे घरगुती प्रार्थनेत बसून झालेलं आहे.

पुस्तक कोणतं घ्यायचं

बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हे, तो ६६ पुस्तकांचा संग्रह आहे. जुन्या करारात (येशूच्या आधीचा भाग) ३९ आणि नव्या करारात (येशूपासूनचा भाग) २७ पुस्तकं आहेत. कॅथलिक मंडळींच्या बायबलमध्ये जुन्या करारात सात पुस्तकं जास्त असतात, म्हणून तिथे एकूण ७३ भरतात. हातात कुठलंही आलं तरी सुरुवातीला फरक पडत नाही. प्रत्येक पुस्तकाचे अध्याय आणि अध्यायांची वचनं पाडलेली आहेत. "मार्क ४:३५" असं लिहिलेलं दिसलं, तर मार्क नावाचं पुस्तक, चौथा अध्याय, पस्तिसावं वचन. एवढं कळलं की कुठलाही संदर्भ सापडतो. पुस्तकांची अनुक्रमणिका सुरुवातीलाच असते. ती बघायला लाजू नका, पंचवीस वर्षं वाचणारेही ओबद्या नावाचं छोटं पुस्तक शोधायला तीच उघडतात.

मराठीत जुन्या वळणाचं भाषांतर मिळतं आणि सोप्या मराठीतलंही. चर्चमध्ये ऐकू येतं ते बहुतेक जुन्या वळणाचं. नव्या माणसाने सोपं घ्यावं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं ते साध्या, थोडं शिकलेल्या बायकांना समजावं म्हणूनच. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या तोवर हेच काम चालू होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच ते छापायचं कामही केलं. त्यामुळे "मला जड मराठी समजत नाही, मग मी कशाला वाचू" हे कारण आपल्याकडे तरी चालू नये.

घरातल्या आजीला वाचता येत नसेल, तर फोनवर मराठी बायबलची मोफत अॅप आहेत आणि काहींमध्ये ऐकायची सोय आहे. रेंज गावात एकाच ठिकाणी येत असेल, तर तिथे उभं राहून एकदा डाउनलोड करून घ्या. तरीही छापील प्रत जवळ असलेली बरी. फोन उघडला की वचनाच्या आधी व्हॉट्सअॅप दिसतं.

वेळ: पहाटेचा हट्ट सोडा

बरेच पाळक पहाटे चारला उठून वाचायला सांगतात. ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण वेचणीच्या दिवसांत घरातली बाई पहाटेच उठते ती भाकरी थापायला आणि पाणी भरायला. ऊन चढायच्या आत तिला वावरात पोचायचं असतं. शेतीची लाईन रात्रपाळीची असली की माणूस रात्री दोनला मोटार चालू करायला जातो. रोही आणि रानडुकरांच्या भीतीने जागलीला गेलेला माणूस पहाटे झोपतो. यांना चारचा नियम सांगणं म्हणजे त्यांना वाचनापासून लांब ठेवणं होय.

दिवसातली अशी दहा मिनिटं शोधा जी आजही तुमची आहेत. कुणाची दुपारच्या शिदोरीनंतर धुऱ्यावरच्या निंबाखाली असतात. कुणाची भांडी झाल्यावर. जागलीच्या मचाणावर टॉर्चच्या उजेडात एक स्तोत्र सहज वाचून होतं, फार मोठी नसतातच ती. हंगाम बदलला की वेळही बदलू द्या. जूनमध्ये पेरणीच्या धांदलीत दहाची पाच मिनिटं झाली तरी चालतील, एप्रिल-मेच्या रिकाम्या दुपारी अर्धा तास द्या.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं वाचू नका, जिथे होता तिथून पुढे चला. राहिलेल्या वाचनाची उधारी चढली की माणूस पुस्तकाकडेही बँकेच्या साहेबाकडे बघतो तसं बघायला लागतो.

सुरुवात मार्कपासून, सोबत एक स्तोत्र

नव्या करारातलं मार्क हे येशूच्या जीवनाचं सगळ्यात लहान वृत्त आहे, अवघे १६ अध्याय. त्यात भाषणं कमी आणि प्रसंग जास्त. रोज अर्धा अध्याय धरला तर महिन्याभरात होतं. येशू कोण, तो आजाऱ्यांशी, भुकेल्यांशी, धनवानांशी कसा वागला, हे एकदा सलग वाचून झालं की बाकीचं बायबल कुणाबद्दल बोलतंय ते ध्यानात येतं. चौथ्या अध्यायात पेरणाऱ्याचा दाखला आहे. वाटेवर पडलेलं बी पाखरं खातात, खडकाळ जागी उगवलेलं उन्हाने करपतं, काट्यांत पडलेलं दबून जातं. हे समजायला आपल्या लोकांना वेगळं स्पष्टीकरण लागत नाही.

मार्कसोबत रोज एक स्तोत्र. स्तोत्रसंहिता म्हणजे जुन्या करारातलं गाण्यांचं आणि प्रार्थनांचं पुस्तक. त्यात १५० स्तोत्रं आहेत, पण पहिल्याच आठवड्यात क्रमाने जायची गरज नाही. अडचणीतल्या माणसाला मी ही सांगतो: १३, ४२, ७३, ८८ आणि १२६. तेविसावं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे," ते तर भिंतीवरच्या कॅलेंडरावरही असतं, ते आपोआप भेटेल.

तेरावं अवघ्या सहा वचनांचं आहे. पहिल्या दोन वचनांत माणूस देवाला चार वेळा विचारतो, किती वेळ? किती वेळ मला विसरशील, किती वेळ तोंड लपवशील? पुढच्या दोन वचनांत मागणं आहे: माझ्याकडे बघ, उत्तर दे, नाहीतर मी मरेन. शेवटच्या दोन वचनांत तो म्हणतो, तरी मी तुझ्या प्रेमावर भरवसा ठेवला आहे. आधी तक्रार, मग मागणं, मग भरवसा. नव्या माणसाची चूक होते ती इथे. त्याला वाटतं, भरवसा असेल तर तक्रार तोंडातून निघू नये. प्रार्थनेच्या बैठकीत "कसं काय भाऊ?" विचारलं की "प्रभूच्या कृपेने सगळं चांगलं" असं उत्तर द्यायची सवय आपल्याला लागली आहे. घरी नोटीस पडलेली असते आणि तोंडाने सगळं चांगलं. स्तोत्र लिहिणाऱ्याला ही सवय नव्हती.

अठ्ठ्याऐंशीवं वाचून काही जण बिचकतात, कारण ते अंधारातच संपतं. दिलाशाची एकही ओळ शेवटी येत नाही. पण नीट बघा, पहिल्याच वचनात तो देवाला "माझ्या तारणाच्या देवा" म्हणून हाक मारतो आणि मधे सांगतो की मी रोज तुला हाक मारतो. उत्तर आलं नाही, अंधार गेला नाही आणि हाकही थांबली नाही. ज्या घरात तरणा मुलगा गेला आहे त्या घरात मी आनंदाचं स्तोत्र वाचत नाही, हे वाचतो.

त्र्याहत्तरावं सावकाराकडे, ठेकेदाराकडे, निवडून आलेल्याकडे बघून पोटात जळतं त्या दिवसासाठी आहे. लबाडांचं बरं चाललेलं पाहून माझा पाय घसरतच होता, असं लिहिणाऱ्याने सरळ कबूल केलं आहे. आणि १२६ तर पेरणीचंच आहे. रडत रडत बी घेऊन निघालेला माणूस पेंढ्या घेऊन हर्षाने परत येईल असं त्यात म्हटलं आहे. एका गोष्टीकडे लक्ष द्या, तो रडतो आणि तरीही पेरतो. दुबार पेरणी केलेल्या कास्तकाराला हे वेगळं सांगायला नको.

बसल्यावर नेमकं काय करायचं

पुस्तक उघडण्याआधी एक वाक्याची प्रार्थना पुरे: "देवा, मला समजू दे." मग वाचायचा भाग मोठ्याने वाचा. मनातल्या मनात वाचलं की डोळे पुढे पळतात आणि डोकं खताच्या दरात अडकतं. मोठ्याने वाचलं तर घरातली बाकीची माणसंही ऐकतात. पोरगं अभ्यास सोडून "मग काय झालं?" विचारतं. एकदा वाचून झालं की पुन्हा वाचा.

मग पोरांच्या जुन्या वहीतली उरलेली कोरी पानं घ्या आणि तीन गोष्टी लिहा. इथे काय घडलं, देव किंवा येशू इथे कसा दिसला, आणि मला त्याला आज काय बोलायचं आहे. दोन-दोन ओळी खूप झाल्या. लिहिता येत नसेल तर बोला.

हे कसं चालतं ते एका प्रसंगावर दाखवतो. मार्क ४:३५ ते ४१. संध्याकाळची वेळ आहे, येशू आणि शिष्य होडीतून सरोवराच्या पलीकडे निघाले आहेत. मोठं वादळ येतं, लाटांचं पाणी होडीत भरायला लागतं. येशू होडीच्या मागच्या भागात उशीवर झोपला आहे. शिष्य त्याला उठवतात आणि म्हणतात, गुरुजी, आम्ही बुडतोय याची तुम्हाला काळजी नाही का? तो उठून वाऱ्याला धमकावतो, वादळ थांबतं, मग तो त्यांना विचारतो, तुम्ही इतके घाबरलात कसे?

काय घडलं, तर हे. येशू कसा दिसला, तर वादळात झोपलेला. हे लिहायला हात कचरतो, पण लिहा, कारण मजकुरात तेच आहे. होडीत तो आहे म्हणून वादळ आलं नाही असं झालेलं नाही. शिष्यांनी त्याला उठवलं ते सभ्यपणे उठवलं नाही, "तुला काळजी नाही का" असा सरळ आरोप केला. त्याने त्यांच्या भीतीबद्दल विचारलं खरं, पण आधी वादळ थांबवलं, आरोप करणाऱ्यांना होडीतून उतरवलं नाही. मग तिसरी गोष्ट, मला काय बोलायचं आहे. आमच्याकडे एका काकांनी या ठिकाणी लिहिलं होतं, "उठ ना आता." तीनच शब्द, पण मला ते पूर्ण प्रार्थनेएवढे वाटले.

आपल्या बोलीत प्रार्थना

चर्चमधली प्रार्थना ऐकून नवीन माणसाला वाटतं की देवाशी पुस्तकी मराठीत बोलावं लागतं. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या" पासून सुरुवात करायला हरकत नाही, पण पुढे गाडी अडत असेल तर घरी बोलता तसं बोला:

"देवा बापा, सोयाबीन गेलं. बँकेची नोटीस आली. पोरीची फी भराची हाये. तू पाहून रायला का नाही, मले समजत नाही. आज रातच्याले झोप लागू दे आन् सकाळी उठाची ताकद दे. येशूच्या नावानं मांगतो. आमेन."

यात खोटं एक अक्षर नाही. उद्या पाऊस पाड, कर्ज माफ होऊ दे, हेही मागावं, मागायला बंदी नाही. पण पौलाची, म्हणजे नव्या करारातली बरीच पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताची, गोष्ट जवळ ठेवा. त्याने आपल्या शरीरातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" एवढं उत्तर मिळालं (२ करिंथ १२:७-९). नाही हेही उत्तर असतं आणि ते विश्वास कमी असलेल्याला मिळालं नव्हतं, पौलाला मिळालं होतं.

जेव्हा जगणंच नको वाटतं

आपल्या भागात हा मुद्दा टाळून बायबलबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

१ राजे, अध्याय १९ उघडा. एलीया हा मोठा संदेष्टा. आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर त्याचा मोठा विजय झालेला आहे. तरी राणीच्या धमकीनंतर तो रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. देव त्याला रागावत नाही. विश्वास कुठे गेला तुझा, असंही विचारत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला हात लावून उठवतो आणि सांगतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं असतं. तो खातो, पुन्हा झोपतो. पुन्हा उठवून पुन्हा जेवायला देतात, कारण पुढची वाट फार लांबची आहे.

उपदेश त्यानंतर, तोही कितीतरी दिवसांनी, डोंगरावर. आणि तिथे देव त्याला तीन कामाच्या गोष्टी देतो: तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत, पुढचं काम हे आहे, आणि सोबतीला अलीशाला घे. हा अलीशा एलीयाला भेटतो तेव्हा वावरात असतो, बैलांच्या बारा जोड्या लावून नांगरट चाललेली असते.

म्हणून घरातलं कुणी "आता पुरे" असं बोलत असेल, रात्र रात्र जागं असेल, अचानक हिशेब मिटवायला लागलं असेल, तर त्याच्या हातात बायबल देऊन मोकळे होऊ नका. जेवू घाला, झोपू द्या, एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तो लावायला लाज वाटून घेऊ नका. त्या माणसाजवळ बसून १ राजे १९ मोठ्याने वाचायला कुणाची ना नाही, पण आधी भाकर.

वचनं सुटी तोडू नका

काही जण डोळे मिटून पान उघडतात, बोट ठेवतात आणि बोटाखाली आलेलं वचन देवाचा आजचा निरोप म्हणून घेतात. देवळात कौल लावायची सवय बायबलपाशीही येते. असं करू नका. बोटाखाली कधी वंशावळ येते, कधी शाप येतो, आणि माणूस दिवसभर घाबरून राहतो.

स्टेटसला टाकलेल्या वचनांचंही तसंच. यिर्मया २९:११ तुम्ही पाहिलं असेल, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला भावी सुस्थितीची आशा देणारे आहेत. वचन खरं आहे. पण हे बाबेल या परक्या देशात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे. त्याच्या आधीचंच वचन सांगतं की ७० वर्षं लागतील. आणि पाचव्या वचनात त्यांना काय सांगितलं आहे? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा. "पुढच्या महिन्यात सुटाल" असं सांगणाऱ्या संदेष्ट्यांपासून सावध राहायलाही तिथेच सांगितलं आहे. एवढं सगळं सोडून फक्त अकरावं वचन घेणं म्हणजे बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र पाहून उताऱ्याचा हिशेब धरणं.

"मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो" (फिलिप्पै ४:१३) हे परीक्षेच्या दिवशी पोरांच्या पॅडवर लिहिलेलं असतं. पौल ते तुरुंगातून लिहितो आणि आधीची दोन वचनं भुकेतही आणि भरल्या घरातही समाधानी राहायला शिकल्याबद्दलची आहेत. नियम सोपा आहे: कुठलंही वचन आवडलं की आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचल्याशिवाय कुणाला पाठवू नका.

"तुझ्या विश्वासात कमी असेल"

हे वाक्य तुम्हाला कधीतरी ऐकावं लागेल. पीक गेलं, कारण तुमच्या घरात पाप आहे. आजार जात नाही, कारण दशांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा, नीट दिला नाही. असं सांगणारा गावोगाव फिरून सभा घेणाराही असू शकतो आणि सख्खा भाऊही.

त्याला ईयोबाच्या पुस्तकाकडे पाठवा. ईयोब हा नीतिमान माणूस होता असं पुस्तक पहिल्याच वचनात सांगतं. तरी एकाच दिवसात बैल, मेंढरं, उंट आणि पोरं गेली. बैल तर नांगराला जुंपलेले असतानाच लुटले गेले. तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तोवर ते बरोबर होते. मग त्यांनी तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय तेच सांगत राहिले, तू काहीतरी केलं असशील. शेवटच्या, बेचाळिसाव्या अध्यायात देव या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो, माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब तर पूर्ण पुस्तकभर देवाशी भांडत होता!

नव्याने वाचताना अध्याय १ ते ३ आणि मग एकदम ३८ ते ४२ वाचा, मधलं सावकाश नंतर. येशूनेही दोनदा हेच मोडून काढलं आहे. जन्मांध माणसाबद्दल "पाप कुणी केलं, याने की आईबापाने?" असं विचारल्यावर (योहान ९) आणि शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख करताना (लूक १३:४). प्रार्थनेच्या नावाने बीपीच्या, शुगरच्या किंवा फिटच्या गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याचं मात्र ऐकूच नका, तो कितीही मोठा पास्टर असला तरी.

कर्जाबद्दल बायबल काय म्हणतं ते आपल्याकडे वाचतच नाहीत

नहेम्या, पाचवा अध्याय. मी चर्चमध्ये यावर प्रवचन फार क्वचित ऐकलं आहे आणि याचं मला नवल वाटतं, कारण हा अध्याय विदर्भात लिहिल्यासारखा आहे. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेतं, द्राक्षमळे आणि घरं गहाण टाकली आहेत. राजाचा कर भरायला कर्ज काढलं आहे. पोरंबाळं दुसऱ्याच्या दावणीला गेली आहेत. आणि पैसा देणारे परके नाहीत, आपलेच भाऊबंद आहेत. लोक आणि त्यांच्या बायका आरडाओरड करतात. बायकांचा उल्लेख मुद्दाम आहे.

नहेम्या हा प्रार्थना करणारा माणूस, पहिल्या अध्यायात तो दिवसेंदिवस उपास करून प्रार्थना करतो. इथे मात्र तो संतापतो, मनाशी विचार करतो, सावकारी करणाऱ्या सरदारांना तोंडावर सुनावतो, मोठी सभा भरवतो आणि शेतं, घरं, व्याज सगळं परत करायला लावतो. तोंडी कबुलीवर न थांबता याजकांना बोलावून शपथ घ्यायला लावतो.

यातून माझ्यासारख्याला एवढं दिसतं की देवावर भरवसा ठेवणारा माणूस कागदपत्रंही नीट ठेवतो. पंचनाम्याला हजर राहा, सात-बारा आणि कर्जाच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. विनापरवाना सावकाराने जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्यात ती परत मिळवायची तरतूद आहे, अर्ज जिल्ह्याच्या सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करतात. अर्ज करायला जाताना बसमध्ये नहेम्या २:४ वाचा. राजाने "तुला काय हवं?" विचारलं तेव्हा उत्तर देण्याआधी त्याने मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली, आणि मग बोलला. साहेबाच्या टेबलासमोर तेवढीच वेळ मिळते.

एक सोबती

एकट्याने वाचलं तर पहिला महिना जातो, दुसऱ्यात ढिलाई येते. गावात चर्चची मंडळी असेल तर उत्तम. नसेल तर एक माणूस शोधा, बायकोच असेल, वेचणीला सोबत जाणारी बाई असेल, तालुक्याला राहणारा भाचा फोनवर असेल. आठवड्यातून एकदा दोघांनी वहीतली एकेक ओळ एकमेकांना वाचून दाखवायची. गलती ६:२ एकमेकांची ओझी वाहायला सांगतं. त्यात निंदणाची पात धरणं, दवाखान्यात रात्र काढणं, पोरं सांभाळणंही येतं. शेजारी वेगळ्या धर्माचा असेल तर त्याच्याशी वाद घालायला वचनं पाठ करू नका. त्याच्या घरी मयत झाली तर आधी पोचा.

काही आठवडे काहीच वाटणार नाही. वाचलेलं डोक्यावरून जाईल, प्रार्थना छताला लागून परत येते असं वाटेल. तेव्हा भाग लहान करा, पाच-सहा वचनं वाचा, जमलं तर स्तोत्र १३ पुन्हा.

मार्क संपल्यावर

पुढचं हंगामाप्रमाणे सांगतो. सोंगणीच्या दिवसांत रूथ वाचा, चारच अध्याय आहेत. दुष्काळामुळे गाव सोडलेली नामी परदेशात नवरा आणि दोन्ही मुलं गमावून परत येते आणि गावातल्या बायकांना सांगते, मी भरलेली गेले होते, देवाने मला रिकामी आणलं. तिची विधवा सून रूथ दुसऱ्याच्या वावरात सरवा वेचून दोघींचं पोट भरते. घरचा कर्ता गेल्यावर शेत सांभाळणाऱ्या आपल्या बायांनी हे पुस्तक एकत्र बसून वाचावं, पुरुषांनी तोवर चहा करावा.

माल विकून हिशेब झाला आणि हाती काही उरलं नाही, तर हबक्कूक या संदेष्ट्याचं पुस्तक. तीन अध्याय, एका बैठकीत होतात. शेवटी तो यादीच देतो, अंजिराला फूल नाही, वेलाला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. पहिले दोन अध्याय देवाशी भांडल्यानंतरचं हे वाक्य आहे, म्हणून तिसऱ्यावर उडी मारू नका. उन्हाळ्यात योहान, आणि मग निवांतपणे उत्पत्ती. लेवीय दुसऱ्या वर्षासाठी ठेवा. तेव्हाही आधी त्याचा पंचविसावा अध्याय काढा. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत करायचा नियम तिथे आहे, आणि कास्तकाराच्या घरात तो अध्याय कुणाला समजावून सांगावा लागत नाही.